डिस्क इमेजवरून संगणक पूर्ववत करताना येणाऱ्या अडचणी : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष बी. ए.)

प्रास्ताविक

संगणकावर साठविलेली माहिती एखाद्या दिवशी नाहीशी होऊ शकते, हे आता कोणास समजावून सांगावे लागत नाही. म्हणून बॅकअप ठेवावा, असेही सर्वजण सांगतात. परंतु ठेवलेला बॅकअप प्रत्यक्ष परत उतरविण्याची वेळ आली म्हणजे काय काय घडते, याविषयी मराठीत लिहिलेले माझ्या तरी वाचनात फारसे आलेले नाही. त्या वेळी पडद्यावर जी इंग्रजी सूचना उमटते, ती पाहून बहुतेकांचा धीर खचतो. मग कोणी संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करतो, कोणी दुकानात नेऊन टाकतो, तर कोणी त्या घाईत उरलीसुरली माहितीही पुसून बसतो.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का निवडावा, असा प्रश्न काही गुरुजनांना पडेल. ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली मराठी विभागाचा संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. संगणक हाताळण्यास मी याच विभागात शिकलो. त्यामुळे या लेखात जे सांगितले आहे ते शास्त्र शाखेचे शिक्षण नसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजेल व करता येईल, असे मला वाटते.

लेखाची मर्यादा आरंभीच स्पष्ट करतो. संगणकाच्या संपूर्ण डिस्कची इमेज पूर्वी घेऊन ठेवलेली आहे, मूळ डिस्क निकामी झाली आहे आणि ती इमेज आता नव्या डिस्कवर उतरवावयाची आहे, एवढ्याच प्रसंगाचा येथे विचार केला आहे.

१. इमेज म्हणजे काय?

फायलींची नक्कल आणि डिस्कची इमेज यांत मोठा फरक आहे. पेनड्राइव्हवर चार फायली उतरवून घेतल्या तर त्या फायली वाचतात. परंतु त्यावरून संगणक चालू होत नाही. डिस्कच्या इमेजमध्ये फायलींबरोबर त्यांची मांडणी, पार्टिशनांचा तक्ता, संगणक सुरू करणारा आरंभीचा भाग असे सर्व काही येते. घरातील सामान उचलून नेणे आणि घराचा पायासकट नकाशा नेणे, असा हा भेद म्हणता येईल.

इमेज दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात डिस्कवरील पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सर्व काही जसेच्या तसे उतरवितात. युनिक्समधील ‘डीडी’ ही जुनी आज्ञा हेच करते. यात रिकामी जागाही उतरली जाते, म्हणून ५०० जीबीच्या डिस्कची इमेजही ५०० जीबीची होते. दुसऱ्या प्रकारात ज्या जागेत खरोखर माहिती आहे तेवढीच जागा उतरवून ती दाबून लहान केली जाते. तैवानमधील राष्ट्रीय उच्च-क्षमता संगणन केंद्रात तयार झालेली ‘क्लोनझिला’ ही मोफत प्रणाली सामान्यतः या पद्धतीने काम करते. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इमेज’ची सोय आहे, मात्र २०१७ साली मायक्रोसॉफ्टने ती यापुढे न वाढविण्याच्या यादीत टाकली.

दुसऱ्या प्रकारात जागा पुष्कळ वाचते, पण एक धोकाही आहे. दाबून ठेवलेल्या फाइलमध्ये मध्येच एक तुकडा बिघडला तर त्यापुढचा भाग उलगडणे बहुधा अशक्य होते. न दाबलेल्या इमेजमध्ये तेवढाच तुकडा जातो, बाकीचे वाचते. जागा आणि सुरक्षितता यांत कोणती निवड आपण केली आहे, हे ध्यानात असावे.

२. चूक कोणत्या ठिकाणी आहे?

रिस्टोअर करताना येणाऱ्या सूचना शेकडो आहेत. त्या पाठ करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. माहितीचा प्रवास ध्यानात घेतला तर अडचण येण्याची ठिकाणे चारच आहेत :

(अ) उगम : म्हणजे इमेज व ती जिच्यावर ठेवली आहे ती बाहेरील डिस्क.
(आ) वाट : म्हणजे केबल, पोर्ट आणि संगणकाची रॅम, माहिती येथून जाते.
(इ) मुक्काम : म्हणजे नवी डिस्क.
(ई) पहिली सुरुवात : म्हणजे सर्व उतरून झाल्यावर संगणक स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही.

कोणतीही सूचना आली तरी पहिला प्रश्न ‘याचा अर्थ काय?’ हा नसून ‘हे चारांपैकी कोठे घडले?’ हा असावा. त्याचे उत्तर मिळविण्याचा मार्ग एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे. केबल, पोर्ट आणि डिस्क तिन्ही एकदम बदलली आणि काम झाले, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो दोष पुढे पुन्हा भेटतो.

त्याआधी दोन पथ्ये पाळावीत. सूचना आली की ती शब्दशः वहीत उतरवून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र घ्यावे. आणि मूळ डिस्क थोडीफार जरी जिवंत असली तरी तिच्यावर काहीही लिहू नये. डिस्क दुरुस्त करणाऱ्या आज्ञा, उदाहरणार्थ विंडोजमधील ‘चेकडिस्क’, डिस्कवर फेरबदल करतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर त्या चालविणे म्हणजे फाटक्या पोथीला धुऊन काढण्यासारखे आहे. अशा डिस्कवरून जेवढे निघेल तेवढे ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने आधी दुसरीकडे काढावे. हे साधन सहज वाचता येणारा भाग प्रथम घेते, कठीण जागांची नोंद ठेवते आणि मग त्या जागांकडे पुन्हा वळते. दुरुस्ती करावयाची ती काढलेल्या प्रतीवर.

३. उगमातील दोष

‘इमेज सापडत नाही’ ही सर्वांत साधी तक्रार होय. पुष्कळदा इमेज असते, पण साधनाला हव्या त्या जागी नसते. विंडोजची इमेज ज्या फोल्डरात असते तो फोल्डर बाहेरील डिस्कवर अगदी वरच्या पातळीवर आणि मूळ नावानेच असावा लागतो. कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने तो ‘जुना बॅकअप’ अशा दुसऱ्या फोल्डरात ठेवला किंवा त्याचे नाव बदलले, तर विंडोजला तो दिसत नाही. येथे माहितीला काहीच झालेले नसते. फोल्डर मूळ जागी व मूळ नावाने ठेवला की काम होते.

‘फाइल अनपेक्षितपणे संपली’ ही दुसरी सूचना. इमेज पुष्कळदा अनेक तुकड्यांत साठविलेली असते. याचे कारण असे की, फॅट-३२ या पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. इमेज एका डिस्कवरून दुसरीवर नेताना त्यांतील एखादा तुकडा राहून गेला, तर साखळी मध्येच तुटते. तुकड्यांची नावे क्रमाने लावून पाहिल्यास कोणता राहिला ते दिसते.

तिसरी सूचना ‘सीआरसी चूक’ अशी असते. हिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. माहिती साठविताना तिच्यावरून गणिताने एक आकडा काढून सोबत लिहिला जातो. वाचताना तोच आकडा पुन्हा काढतात. दोन्ही जुळले नाहीत तर माहिती बदलली आहे. १९६१ साली डब्ल्यू. वेस्ली पीटरसन याने मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे. अशाच आकड्याचे अधिक खात्रीचे रूप म्हणजे चेकसम. एमडी-५ हा रोनाल्ड रिव्हेस्ट याने १९९१ साली रचलेला चेकसम आहे. कोणी मुद्दाम फसवावयाचे ठरविल्यास तो पुरेसा नाही, हे २००४ साली सिद्ध झाले. परंतु अपघाताने झालेला बिघाड ओळखण्यास तो चालतो. अधिक खात्रीसाठी एसएचए-२५६ वापरावा.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटू नये. प्रत करताना पाठ बिघडतो, म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांना ओवी ओवी ताडून पाहावी लागली. चेकसम हे काम आकड्यावर करतो. फरक एवढाच की पाठ कोठे बिघडला आणि मूळ पाठ काय होता, हे तो सांगू शकत नाही. तो फक्त ‘बिघडला आहे’ एवढेच सांगतो. म्हणून बिघडलेली इमेज चेकसमच्या बळावर दुरुस्त करता येत नाही. दुसरी प्रत असावी लागते.

आणखी एका दोषाचा उल्लेख करतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हवर व मेमरी कार्डांवर लिहिलेली क्षमता खोटी असते. वर लिहिलेले असते मोठे माप, आत जागा असते थोडी. जागा भरल्यावरही लिहिणे चालूच राहते, पण आधीच्या माहितीवर नवी माहिती बसते किंवा ती कोठेच लिहिली जात नाही. इमेज घेताना कोणतीच तक्रार येत नाही. ती येते परत उतरविताना. नवा पेनड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो पूर्ण भरून व परत वाचून पाहणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. ती पाच-सहा तास घेतात, पण तेवढा वेळ द्यावा.

४. वाटेतील दोष

इमेज निर्दोष असूनही ‘सीआरसी चूक’ येऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सैल केबल, संगणकाच्या दर्शनी बाजूचा कमकुवत पोर्ट, बाहेरील डिस्कला अपुरी पडणारी वीज, तापलेला संगणक किंवा सदोष रॅम यांपैकी कशानेही माहिती वाटेत बिघडते.

उगमातील दोष आणि वाटेतील दोष यांत फरक कसा करावा? याला दोन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी थांबण्याच्या जागेची. रिस्टोअर प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल, तर इमेजमधील किंवा डिस्कवरील ती जागाच खराब असण्याचा संभव अधिक. दर वेळी निरनिराळ्या टक्क्यांवर थांबत असेल, तर संशय वाटेवर घ्यावा.

दुसरी कसोटी चेकसमची. इमेजच्या त्याच फाइलचा चेकसम दोनदा काढावा. दोन्ही वेळा एकच आकडा आला, पण तो इमेज घेताना लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळत नसेल, तर फाइल बिघडली आहे. दोन वेळा दोन वेगळे आकडे आले, तर फाइलला दोष देऊ नये. वाचणारा चुकतो आहे. येथे एक काळजी घ्यावी. एकदा वाचलेली फाइल संगणक रॅममध्ये धरून ठेवतो आणि दुसऱ्या वेळी तेथूनच देतो. म्हणून दोन वाचनांमध्ये संगणक बंद करून पुन्हा चालू करावा.

वाट संशयित ठरली की केबल बदलावी, मग पोर्ट बदलावा, आणि शेवटी रॅमची परीक्षा घ्यावी. त्यासाठी ‘मेमटेस्ट’ नावाची साधने आहेत. ती रात्रभर चालू ठेवावीत. संगणकाच्या आत साटा केबलने जोडलेल्या डिस्कसाठी आणखी एक खूण आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते; तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. त्या नोंदीत क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल तर बहुधा केबल दोषी असते. क्रमांक ५ व १९७ चे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच झिजतो आहे. पहिल्या दोषावर थोड्या पैशांची केबल पुरते. दुसऱ्यावर नवी डिस्कच हवी.

५. मुक्कामातील दोष

येथे सर्वाधिक वेळा येणारी सूचना म्हणजे ‘नवी डिस्क लहान आहे’. यामुळे लोक गोंधळतात, कारण त्यांची माहिती थोडी असते. डिस्क ५०० जीबीची, तीत माहिती १४० जीबी, आणि नवी डिस्क ४८० जीबीची. मग मावत का नाही? याचे कारण असे की इमेजमध्ये माहितीइतकाच तिचा आराखडाही महत्त्वाचा असतो. त्या आराखड्यात शेवटचे पार्टिशन जेथे संपते ती जागा नव्या डिस्कवर अस्तित्वातच नसते. ५०० जीबीच्या सर्वसाधारण डिस्कवर ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट असतात, तर ४८० जीबीच्या डिस्कवर ४,८०,१०,३९,८१,०५६. कमी पडतात ते सुमारे २० अब्ज बाइट, आणि तेवढ्यासाठी सारे काम अडते.

यावर दोन सरळ उपाय आहेत. एक, मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी डिस्क घ्यावी. दोन, तात्पुरती एखादी मोठी डिस्क मिळवून तिच्यावर इमेज उतरवावी, तेथे शेवटचे पार्टिशन आकसावे आणि मग त्या डिस्कची नवी इमेज घेऊन ती लहान डिस्कवर न्यावी. आकार तपासण्याचे काम वगळून पुढे जाण्याची सोय काही साधनांत असते. आपण काय करीत आहोत हे नक्की ठाऊक असल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये.

नवी डिस्क मोठी असली म्हणजे सर्व सुरळीत होते असेही नाही. एमबीआर या जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हा तक्ता सुमारे २.२ टीबीपर्यंतच मोजू शकतो. असा तक्ता ४ टीबीच्या डिस्कवर उतरविला तर उरलेली जागा वापरता येत नाही. जीपीटी या नव्या तक्त्याला ही अडचण नाही. पण त्याची एक दुय्यम प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. सेक्टरागणिक घेतलेली इमेज मोठ्या डिस्कवर उतरविल्यावर ती प्रत मधल्याच जागी राहते आणि ‘दुय्यम तक्ता योग्य जागी नाही’ अशा अर्थाची सूचना येते. येथे घाबरण्याचे कारण नाही. तक्ता सांभाळणारी साधने ती प्रत शेवटी हलवून देतात.

सेक्टरच्या मापानेही घोटाळा होतो. डिस्क बाहेरील खोक्यात घालून यूएसबीने जोडली असता काही खोकी ५१२ बाइटांऐवजी ४०९६ बाइटांचा सेक्टर दाखवितात. त्या स्थितीत इमेज उतरविली आणि मग डिस्क संगणकाच्या आत बसविली, तर तीत पार्टिशनच नाहीत असे दिसते. म्हणून शक्यतो नवी डिस्क तिच्या कायमच्या जागी बसवूनच इमेज उतरवावी.

मुक्कामाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मात्र चुकीच्या डिस्कची निवड हा आहे. उतरविण्याचे काम सुरू झाले की त्या डिस्कवरील जुने सर्व जाते. डिस्कांना मिळणारी अक्षरे जोडणीच्या क्रमानुसार बदलू शकतात. काल जी पहिली होती ती आज दुसरी असू शकते. म्हणून अक्षरावर विसंबू नये. डिस्कचा आकार, बनावटीचे नाव आणि लेबलवरील अनुक्रमांक पडद्यावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावा, आणि या कामात लागत नाहीत अशा सर्व डिस्का काढून ठेवाव्यात.

६. पहिली सुरुवात

इमेज शंभर टक्के उतरली, तरी संगणक सुरू होत नाही, असे होते. येथे बहुधा माहितीचा दोष नसतो. संगणकाच्या मूळ मांडणीचा असतो.

संगणक सुरू करण्याच्या दोन रीती आहेत : जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. इमेज एका रीतीच्या संगणकाची आणि रिस्टोअर दुसऱ्या रीतीने, असे झाले की विंडोज स्पष्टपणे नकार देते. एकच पेनड्राइव्ह दोन्ही रीतींनी सुरू होऊ शकतो; सुरुवातीच्या यादीत तो कित्येकदा दोनदा दिसतो. मूळ संगणक ज्या रीतीने चालत होता तीच रीत निवडावी.

निळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइसपर्यंत पोहोचता येत नाही’ अशी सूचना आली, तर डिस्क-नियंत्रकाची मांडणी (एएचसीआय की रेड) पूर्वीसारखी आहे काय ते पाहावे. काही नव्या लॅपटॉपवर रिस्टोअरच्या वेळी डिस्क दिसतच नाही. तेथे त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ही किल्ली त्याच संगणकात साठवून ठेवणे म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावणे होय.

शेवटी, जुनी व नवी अशा दोन्ही डिस्का जोडून प्रथम संगणक सुरू करू नये. इमेजबरोबर डिस्कची ओळखही उतरलेली असल्याने दोन्हींची ओळख एकच असते, आणि संगणक कोणती उचलेल याचा भरवसा नसतो.

७. मराठी विभागाच्या संगणकाचे उदाहरण

आतापर्यंतचे विवेचन कोरडे वाटू नये म्हणून एक घडलेले उदाहरण देतो. आमच्या मराठी विभागाच्या संगणकावर परिसरातील गावांतून विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची २१४ ध्वनिमुद्रणे होती. ती म्हणणाऱ्यांपैकी तिघीजणी आज हयात नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्या संगणकाच्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला आणि तीन दिवसांत ती संगणकाला दिसेनाशी झाली. दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या सांगण्यावरून क्लोनझिलाने घेतलेली एक इमेज बाहेरील डिस्कवर होती. सोबत प्रत्येक फाइलचा चेकसमही लिहिलेला होता.

प्रथम अडचण मुक्कामाची आली. जुनी डिस्क ५०० जीबीची आणि खरेदी झालेली नवी ४८० जीबीची. दुकानदाराने ती बदलून ५१२ जीबीची दिली. मग काम सुरू झाले आणि ३८ टक्क्यांवर सीआरसीची चूक येऊन थांबले. ‘इमेज गेली’ असे तेथे असलेल्या सर्वांनाच वाटले. दुसऱ्या वेळी मात्र ते ७१ टक्क्यांवर थांबले. थांबण्याची जागा बदलली, याचाच अर्थ इमेजवर ठपका ठेवणे योग्य नव्हते. केबल व पोर्ट एकेक करून बदलले. फरक पडला नाही. चेकसम दोनदा काढला, तर एका फाइलचे दोन वेगळे आकडे आले. रात्रभर मेमटेस्ट चालविल्यावर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली. ती काढून चेकसम काढले, तेव्हा सर्व आकडे दिवाळीच्या नोंदीशी जुळले. त्यानंतर इमेज एकाही तक्रारीशिवाय उतरली.

तरीही संगणक सुरू होईना. मदरबोर्डवरील लहान सेल संपला होता, त्यामुळे विजेची तार काढताच तारीख आणि सुरुवातीची रीत कारखान्यातील मूळ मांडणीवर गेली होती. सेल बदलून रीत पूर्ववत केल्यावर संगणक सुरू झाला. म्हणजे एकाच कामात मुक्काम, वाट आणि पहिली सुरुवात असे तीन दोष एकामागून एक आले. उगमात मात्र दोष नव्हता. पहिल्याच सूचनेने घाबरून ती इमेज टाकून दिली असती, तर निर्दोष असलेली एकच वस्तू टाकली गेली असती.

यानंतरचे काम कंटाळवाणे, पण तितकेच आवश्यक होते. चेकसम जुळले म्हणजे इमेज लिहिल्यापासून बदललेली नाही, एवढेच सिद्ध होते. इमेज घेतेवेळी मूळ माहितीच बिघडलेली असेल तर चेकसम तेही इमानाने जपतो. म्हणून विभागाच्या नोंदवहीतील यादी समोर ठेवून प्रत्येक ध्वनिमुद्रण आम्ही चौघा विद्यार्थ्यांनी आरंभापासून शेवटपर्यंत ऐकले. यादीतील २१४ पैकी २०५ मिळाली व सर्व सुस्थितीत होती. उरलेली नऊ दिवाळीनंतरची होती. त्यांतील सात विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सापडली. दोन सापडली नाहीत. इमेज ही ज्या दिवशी घेतली त्या दिवसाची असते. पुढच्या दिवसांची जबाबदारी ती घेत नाही.

८. मोठ्यांच्या घरीही

असे केवळ लहान महाविद्यालयातच घडते, असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर एका अभियंत्याने दुय्यम संगणकाऐवजी मुख्य संगणकावरील माहितीचा साठा पुसण्यास सुरुवात केली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. हा प्रसंग डिस्क इमेजचा नसून डेटाबेसचा आहे, तरी त्यातील धडा आपल्याच विषयाचा आहे. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण परत आणावयाची वेळ आली तेव्हा रोजचा बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी आढळली. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. ते रोज अयशस्वी होत होते. अयशस्वी झाल्याची पत्रे संगणक पाठवीत होता, पण ती पत्रे नाकारली जात होती. योगायोगाने कोणी सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सर्व उभे केले गेले. त्यासही सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांची माहिती कायमची गेली. या संस्थेने हे सर्व जगापुढे उघडपणे मांडले, म्हणून आपल्याला त्यापासून शिकता येते.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडतो.

(१) सूचना आली की प्रथम ठिकाण ठरवावे : उगम, वाट, मुक्काम की पहिली सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.
(२) त्याच जागी थांबते की निरनिराळ्या जागी, आणि चेकसम दोनदा सारखा येतो की नाही, या दोन कसोट्या लावल्याखेरीज इमेजला दोष देऊ नये.
(३) नवी प्रत पूर्ण तपासली जाईपर्यंत जुनी डिस्क व जुनी इमेज यांना हात लावू नये.
(४) इमेज घेताना चेकसमची नोंद ठेवावी, आणि इमेजची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.
(५) इमेजनंतर वाढलेल्या फायली वेगळ्या, दर आठवड्यास उतरवून घ्याव्यात.

यांहून महत्त्वाची गोष्ट एकच. जोवर इमेज एखाद्या रिकाम्या डिस्कवर प्रत्यक्ष उतरवून पाहिलेली नाही, तोवर तिला बॅकअप म्हणता येणार नाही. तो केवळ बॅकअपचा समज होय. आपल्या महाविद्यालयात विभागांचे, ग्रंथालयाचे आणि कार्यालयाचे मिळून बरेच संगणक आहेत. त्यांवरील पुष्कळशी माहिती अन्यत्र कोठेही नाही. प्रत्येक सत्राच्या अखेरीस एका संगणकाची इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहण्याची तालीम घेतली, तर एका दिवसाचे काम होईल. ते काम विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास आम्हांलाही शिकावयास मिळेल. गुरुजनांनी व विद्यार्थी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.